सरकारी महाराजाची कारकीर्द

टाटांनी उभारलेली विमानकंपनी सरकारने घेतली आणि सरकारी हात लागताच ती रसातळाला गेली, असा जो समज 'एअर इंडिया'विषयी आज रूढ झाला आहे, तो तिच्या दफ्तराशी ताडून पाहिला असता अर्धाच खरा ठरतो.

आरंभ टाटांचा, हे निर्विवाद. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे 'पस मॉथ' विमान स्वतः चालवीत, टपालाच्या थैल्या घेऊन, कराचीहून (सिंध त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडत असे) अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बल्लारीवरून मद्रासला नेले. जुहूचा तळ भरतीच्या पाण्यालगतचा. पर्जन्यकाळी तो जलमय होई, तेव्हा वैमानिक, मिस्त्री व विमाने असा अवघा सरंजाम पुण्यास हलवून येरवड्याच्या तुरुंगालगतच्या मैदानावरून उड्डाणे चालवावी लागत.

१९४६ साली कंपनी सार्वजनिक भागभांडवलाची झाली. बॉबी कूका यांची कल्पना आणि उमेश राव यांचा कुंचला यांतून जन्मलेला मिशाळ महाराजाही त्याच सालचा. पुढे सरकारने ४९ टक्के हिस्सा उचलला आणि ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले.

१९५३ च्या राष्ट्रीयीकरणास टाटांचा कडवा विरोध होता. तथापि ज्यांची मालमत्ता घेतली त्यांच्याच हाती आंतरराष्ट्रीय महामंडळाचे अध्यक्षपद सोपविण्याचे, आणि दैनंदिन कारभारात पुष्कळसे अलिप्त राहण्याचे जे शहाणपण नेहरूंच्या सरकारने दाखविले, त्याचेच फळ म्हणजे पुढील पंचवीस वर्षे. प्रवाशाला मिळणाऱ्या चहाच्या रंगावरदेखील टिपणे लिहिणारा अध्यक्ष कोणत्या सरकारी खात्यास लाभला असेल? १९६० साली बोइंग ७०७ विमाने न्यूयॉर्कला जाऊ लागली. १९६२ पर्यंत ताफा संपूर्णपणे जेट विमानांचा झाला. हे सारे वैभव सरकारी मालकीच्याच काळातले, याचा विसर टीकाकारांना सोयिस्करपणे पडतो.

१ जानेवारी १९७८ रोजी 'एम्परर अशोक' वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळून २१३ जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर महिन्याभराने जनता सरकारने टाटांना अध्यक्षपदावरून दूर केले. या दोहोंचा कार्यकारणसंबंध जोडणे उचित नव्हे. पण मालक आणि व्यवस्थापक यांमधले अंतर उत्तरोत्तर मिटत गेले ते यानंतरच. १९९० साली कुवेतवरील आक्रमणानंतर अम्मानहून एक लाखाहून अधिक भारतीयांना सुमारे दोन महिन्यांत मायदेशी आणण्याची जी कामगिरी तिने बजावली, ती केवळ नफ्यातोट्याच्या हिशेबाने चालणाऱ्या कंपनीने अंगावर घेतली असती, असे मला वाटत नाही. मात्र २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्सशी झालेले विलीनीकरण दोन निराळ्या वेतनश्रेणी, दोन सेवाज्येष्ठता आणि दुहेरी कर्ज यांचे ओझे घेऊन आले, आणि ते काही पेलवले नाही.

२०२१ साली टाटांनी लावलेली १८,००० कोटींची बोली सरकारने मान्य केली, ज्यातले १५,३०० कोटी कर्जापोटीचे होते. २७ जानेवारी २०२२ रोजी ताबा गेला. नरिमन पॉइंटची तेवीस मजली इमारत त्या सौद्यात नव्हती. तिच्यासाठी महाराष्ट्र शासनाने १,६०१ कोटी मोजण्याचे ठरविले, म्हणजे विमाने खासगी झाली तरी इमारत सरकारीच राहिली.