प्रारण चिकित्सा भौतिकी

कर्करोगावरील उपचारांत वापरल्या जाणाऱ्या आयनीकारक प्रारणाचे (ज्याच्या योगाने अणूंतील इलेक्ट्रॉन विलग होतात अशा तरंगरूपी वा कणरूपी ऊर्जेचे) मापन, त्याच्या मात्रेचे नियोजन आणि त्यापासून संरक्षण यांचा विचार करणारी भौतिकीची शाखा. रुग्णालयात हे कार्य करणाऱ्या शास्त्रज्ञास वैद्यकीय भौतिकीविज्ञ म्हणतात. रोगनिदान करणे व किती मात्रा द्यावयाची हे ठरविणे वैद्याचे काम असते. ठरविलेली मात्रा नेमक्या ठिकाणी व नेमक्या प्रमाणात पोहोचते की नाही, याची जबाबदारी भौतिकीविज्ञावर असते.

इतिहास : व्ही. के. राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा व क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियमाचा शोध लावल्यावर अल्पावधीतच दोहोंचा उपचारांत वापर सुरू झाला. मात्रा मोजण्याचे साधन नसल्यामुळे प्रारंभी त्वचेवर येणाऱ्या लालीवरून तिचा अंदाज करीत. कोबाल्ट (६०) हा किरणोत्सर्गी समस्थानिक वापरणारी यंत्रे १९५१ मध्ये कॅनडात कार्यान्वित झाली व त्यानंतर रेषीय वेगवर्धक प्रचारात आले. भारतात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथे काम केलेले रामय्या नायडू हे भारतातील या शाखेचे आद्य प्रवर्तक मानले जातात. हे रुग्णालय १९६२ मध्ये केंद्रीय अणुऊर्जा विभागाकडे आले. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र भारतातील अनेक रुग्णालयांत बसविण्यात आले आहे.

मात्रेचे मापन : एक किलोग्रॅम द्रव्यात एक जूल ऊर्जा शोषली गेल्यास ती मात्रा एक ग्रे (१०० रॅड) होय. एक ग्रे मात्रेने पाण्याचे तापमान सु. ०.०००२४° से. इतकेच वाढते, म्हणून रुग्णालयात तापमानाऐवजी आयनीभवन कोठीत निर्माण होणारा विद्युत् भार मोजतात. खुल्या कोठीतील हवेची घनता तापमान व वायुदाब यांनुसार बदलत असल्याने तेवढी दुरुस्ती करावी लागते. मुंबई समुद्रसपाटीवर आहे. मराठवाड्याच्या पठारावर सु. ५५० मी. उंचीच्या ठिकाणी वायुदाब सु. ६ टक्क्यांनी कमी असतो. ही दुरुस्ती राहून गेल्यास यंत्र कमी मात्रा देते असा समज होऊन रुग्णाला तितकी अधिक मात्रा दिली जाईल. एकूण अचूकता मात्र ५ टक्क्यांच्या आत राखावयाची असते. मात्रा कमी पडल्यास अर्बुद (पेशींच्या अनिर्बंध वाढीमुळे झालेली गाठ) पुन्हा वाढते. अधिक झाल्यास निरोगी ऊतकाला (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहाला) कायमची इजा होते.

कोबाल्टाचे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा होण्यास लागणारा काळ) ५.२७ वर्षे असल्याने उद्‌गमाची तीव्रता दरमहा सु. १.१ टक्क्याने घटते व उपचाराचा वेळ त्याप्रमाणात वाढवावा लागतो. पाच महिने जुना तक्ता वापरल्यास मात्रा ५ टक्क्यांहून अधिक कमी पडते. उद्‌गमापासूनचे अंतर ८० सेंमी. ऐवजी ८१ सेंमी. झाले, तरी तीव्रता सु. २.५ टक्क्यांनी घटते.

उपचारांचे नियोजन : संगणकीय छेददर्शक चित्रांवर वैद्य अर्बुदाची व्याप्ती आखतात. शलाकांची संख्या, दिशा व आकार निवडून मात्रेची वाटणी भौतिकीविज्ञ काढतो. मेरुरज्जूसारख्या नाजूक अवयवांवर पडणारी मात्रा मर्यादेत ठेवणे हा यातील कठीण भाग होय. पुष्कळदा रोज २ ग्रे याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस मात्रा देतात. ५० ग्रे मात्रेसाठी २५ बैठका लागतात. बीड जिल्ह्यातील धर्मापुरीसारख्या गावच्या रुग्णाला छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) किंवा मुंबई येथे जाऊन पाच आठवडे राहावे लागते. यंत्र बंद पडल्याने वा रुग्ण गावी परतल्याने खंड पडल्यास काही कर्करोगांत उरलेल्या पेशी झपाट्याने वाढू लागतात. अशा वेळी राहिलेली मात्रा कशी भरून काढावयाची, हे वैद्य व भौतिकीविज्ञ मिळून ठरवितात.

तपासणी : प्रत्येक गणित दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे पडताळावे, असा दंडक आहे. कोस्टा रीकातील सान होसे येथे १९९६ मध्ये कोबाल्टाचा उद्‌गम बदलल्यानंतर ०.३ मिनिट म्हणजे १८ सेकंदांऐवजी ३० सेकंद धरले गेले. त्यामुळे सु. ११५ रुग्णांना अर्ध्याहून अधिक जादा मात्रा मिळाली व त्यांपैकी काही दगावले. यंत्रात बिघाड नव्हता. स्वतंत्र मापन झाले असते, तर पहिल्याच दिवशी ही चूक उघडकीस आली असती.

संरक्षण व शिक्षण : उपचारकक्षाच्या भिंतींची जाडी ठरविणे, उद्‌गमाची नोंद ठेवणे व कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या मात्रेवर लक्ष ठेवणे ही कामेही भौतिकीविज्ञाकडे असतात. कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट असून कोणत्याही एका वर्षी ती ३० पेक्षा जास्त होता कामा नये. सर्वसाधारण जनतेसाठी ती १ मिलिसीव्हर्ट आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ या नियमांच्या पालनावर देखरेख ठेवते. या व्यवसायासाठी भौतिकीतील पदव्युत्तर पदवीनंतर प्रारण भौतिकीची पदविका, किंवा वैद्यकीय भौतिकीतील पदव्युत्तर पदवी, व त्यानंतर रुग्णालयातील प्रत्यक्ष अनुभव आवश्यक असतो. पदविकेचा अभ्यासक्रम मुंबईत १९६२ पासून चालू आहे. भौतिकीविज्ञ व रुग्ण यांची पुष्कळदा गाठही पडत नाही. तथापि उपचाराचे यश त्याने केलेल्या मापनावर अवलंबून असते.