लाल डोळा : साथीचा कोणता व घाताचा कोणता

सुगीत खळ्यावर राबणाऱ्या मनुष्याचा डोळा लाल झाला की ‘डोळे आले’ म्हणून स्वस्थ बसावयाचे, अशी आपल्याकडे चाल आहे. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु खरे नसेल तेव्हा डोळा कायमचा जाण्याचा प्रसंग येतो. म्हणून या दोहोंतील भेद आमच्या वाचकांनी नीट ओळखावा.

साथीचे डोळे बहुधा एकामागून एक दोन्ही लाल होतात. पाणी गळते, चिपडे येतात, वाळू गेल्यासारखे खुपते; तथापि चिपडे पुसली की बहुधा पूर्ववत् स्पष्ट दिसते. सन २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात पसरलेली साथ याच जातीची होती. हा विकार बहुतेक एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. रोग्याचे पंचे-उशी निराळी ठेवावी, हात साबणाने धुवावे व डोळ्यांवर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्या.

याउलट एकच डोळा लाल, आत ठणका, उजेड सोसवत नाही व दिसणेही अंधुक, अशी स्थिती असल्यास ती साथ समजू नये. लाली बुबुळाभोवती कड्यासारखी दाटली व बाहुली आकसली असेल तर दाह डोळ्याच्या आत आहे. बुबुळावर पांढुरका ठिपका दिसल्यास तो व्रण होय. ज्वारीचे कुसळ, भाताचे तूस किंवा उसाचे पाते लागून बुबुळ खरचटते व त्या वाटेने बुरशी आत शिरते. ती सावकाश वाढते. कित्येकांना मूळ घावाचा विसरही पडलेला असतो.

येथेच मोठा धोका आहे. आतील दाहावर डॉक्टर स्टेरॉइडचे थेंब देतात व गुण येतो. तेच थेंब बुरशीच्या व्रणात घातले तर लाली व ठणका काही काळ कमी भासतो आणि आत बुरशी मोकाट पसरते. शेजाऱ्याकडील उरलेली बाटली डोळ्यात रिकामी करणे, हा परोपकार आम्हांस पाल्याच्या रसाहूनही घातक वाटतो. बुरशीच्या व्रणावर प्रथम नाटामायसिनचे थेंब वापरतात. तेही व्रण खरवडून तपासल्यावर, आणि आठवडेच्या आठवडे.

वेळेचे महत्त्व नेपाळातील भक्तपूर येथील पाहणीत दिसून आले. तिचा वृत्तांत सन २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बुबुळ खरचटलेल्या ४४२ जणांस गावच्या आरोग्यसेवकांनी १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावले. पैकी २८४ जणांस घावापासून १८ तासांच्या आत उपचार मिळाला. त्यांतील एकासही व्रण झाला नाही.

यास्तव डोळ्यात कुसळ गेल्यास चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा, रुतलेले काही दिसल्यास घरी उपसू नये व त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. तूप, दूध, मध यांपैकी काहीही घालू नये. मळणी यंत्रावर पेंढ्या देणाऱ्यास बाजूंनी बंद असलेला चष्मा द्यावा. तो घामाने धूसर होतो ही तक्रार खरी आहे, परंतु पुसण्यापुरते यंत्र थांबविल्याने धान्य कोठे जात नाही.