चढ एकच, दम वेगळा

मास्क तोंडावर आवळला की आधी वाटतं, आता गुदमरणार. नाकाच्या हाडावर रबर रुततं, समोरून निघालेली नळी शेजारच्या यंत्रात जाते. हवा पुरेशी येत असते, पण जिवाला ते पटायला दोनेक मिनिटं लागतात. "काकू, बोलायचं नाही, हातानं खूण करा," चाचणी घेणारी मुलगी म्हणाली. मी सायकल मारू लागले आणि दर मिनिटाला पॅडल जड होत गेलं.

आत घेतलेल्या हवेत प्राणवायू किती आणि बाहेर टाकलेल्या हवेत किती उरला, हे यंत्र सतत मोजतं. पडद्यावरची रेघ चढत जाते. मग एका टप्प्यावर जोर वाढवला तरी ती वर सरकत नाही. तो आकडा म्हणजे व्हीओटू मॅक्स, शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त वापरू शकेल तेवढा प्राणवायू. नवव्या मिनिटाला माझ्या मांड्या पेटल्या होत्या. खूण करायला हात उचलला, तर तोही थरथरत होता.

ही माझी दुसरी चाचणी. पहिलीनंतर तीन महिने मी आणि वहिनी, माझ्या धाकट्या भावाची बायको, आठवड्यातून तीनदा पर्वती चढलो. वेळ तीच, पायऱ्या त्याच, वर पोचल्यावर पाण्याची बाटलीही एकच. निकाल आला तेव्हा वहिनीचा आकडा चांगलाच वाढला होता. माझा होता तिथेच होता. "ताई, यंत्र चुकलं असेल," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकही दिवस बुडवला नव्हता मी.

वहिनीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. अशा चाचणीत एकाच माणसाचा आकडा दोन दिवसांत थोडा वरखाली होतोच. पण सगळा फरक त्यात जिरत नाही. संशोधक क्लोद बुशार यांच्या पुढाकारानं अमेरिका आणि कॅनडात 'हेरिटेज' नावाचा अभ्यास झाला. एरवी व्यायाम न करणाऱ्या माणसांना, आईवडील आणि मुलं अशा कुटुंबांसकट, २० आठवडे सायकलवर बसवलं. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकाच्या कुवतीच्या मानानं सारखाच व्यायाम, तोही देखरेखीखाली. १९९९ साली ९८ कुटुंबांतल्या ४८१ जणांचे निकाल प्रसिद्ध झाले. मिनिटाला सरासरी ४०० मिलिलिटर प्राणवायूची वाढ, पण काहींची जवळजवळ शून्य, तर काहींची एक लिटरच्याही वर. आणि एका घरातल्या माणसांत जेवढा फरक, त्याच्या अडीचपट फरक दोन घरांमध्ये. वहिनी आणि मी एका घरातल्या खऱ्या, पण रक्ताच्या नव्हे. माझा भाऊ त्या सायकलवर बसला असता तर त्याची रेघ कुठे थांबली असती, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.

ज्यांचा आकडा हलत नाही त्यांना 'नॉन-रिस्पॉन्डर' म्हणतात. मला हा शब्द मुळीच मान्य नाही. माणसाच्या कपाळी तो कायमचा लिहावा, असा पुरावाच नाही. झुरिकमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७८ निरोगी माणसांना सहा आठवडे व्यायाम दिला, कुणाला आठवड्यातून एक तास, कुणाला दोन, असं पाच तासांपर्यंत. एक तासवाल्यांपैकी ६९ टक्क्यांची क्षमता वाढली नाही, तीन तासवाल्यांत असे २९ टक्के, चार-पाच तासवाल्यांत एकही नाही. मग ज्यांची वाढली नव्हती त्यांना आठवड्याला दोन तास वाढवून आणखी सहा आठवडे दिले. तेव्हा त्या सगळ्यांचीच क्षमता वाढली.

याचं कारण रक्तात आहे. नेटानं व्यायाम केला की अंगातलं रक्त वाढतं, हृदय जास्त भरतं आणि एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं. कुणाच्या शरीराला एवढं करायला थोडी मेहनत पुरते, कुणाला जास्त लागते. निकाल आल्यापासून मी स्वतःला आळशी म्हणत होते, ते मागे घेतलं.

आता मी आठवड्यातून पाच दिवस जाते. दोन दिवस एकटीच, उरलेले तीन वहिनीबरोबर. ती अजूनही माझ्या आधी वर पोचते आणि कठड्याला टेकून उभी राहते. काल मी शेवटच्या पायऱ्या चढताना तिच्याशी बोलत होते. भाजी काय करायची, एवढंच. वर पोचल्यावर तिनं माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजायला लागली.