छोट्या कारखान्यातील जीटी मोटार

लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासासाठी घडवलेल्या मोटारींचा वर्ग ग्रँड टूरिंग किंवा जीटी म्हणून ओळखला जातो, आणि त्यांच्यावर आधारलेल्या शर्यतीच्या गाड्या बड्या कंपन्यांबरोबरच १९५८ मध्ये चार भावांनी सुरू केलेल्या ब्रिटनमधील जिनेटासारख्या लहान संस्थाही बनवतात. महाराष्ट्रात अलिबागच्या चिंकारा मोटर्सने बनवलेली रोडस्टर ही दोन आसनी मोटार रस्त्यावर चालवण्यासाठी होती. तरी तिच्या बांधणीची पद्धत उद्बोधक आहे, कारण १९५७ च्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर घडवलेल्या या गाडीला फायबरग्लासची बाह्यांगे आणि अॅम्बेसेडर मोटारीत वापरले गेलेले १.८ लिटरचे इसुझू इंजिन होते.

इंजिनासाठी लागणारे ओतकाम आणि यंत्रसामग्री लहान उद्योगाच्या आवाक्याबाहेर असल्याने ते विकत घेतले जाते, तर सांगाडा कारखान्यातच तयार होतो. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही, म्हणून पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडल्यास कमी वजनात भक्कमपणा साधतो. प्रत्येक नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर नेमके बसेल असे कापले जाते, नळ्या जिगमध्ये, म्हणजे त्यांना ठरल्या जागी धरून ठेवणाऱ्या चौकटीत, आवळल्या जातात आणि आधी ठिकठिकाणी टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारून मग आलटून पालटून समोरासमोरच्या बाजूंना वेल्डिंग केले जाते. एकाच बाजूने सलग जोडल्यास उष्णतेमुळे सांगाडा पीळ खातो आणि चाके एका रेषेत बसत नाहीत.

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे आणि पोलादाचे कारखाने असून त्यांना लागणाऱ्या टाक्या व नळ्यांच्या कामातील वेल्डिंग आणि मशीनिंगचे कौशल्य अशा सांगाड्याच्या उभारणीतही उपयोगी पडते. मात्र शर्यतीसाठी त्याखेरीज चालकाभोवती रोल केज, म्हणजे गाडी उलटल्यास छत चेपू न देणारा पोलादी पिंजरा, सुरक्षित इंधनटाकी आणि अग्निशमनाची सोय आवश्यक असते. २००६ पासून चालणाऱ्या जीटी-३ या वर्गाच्या शर्यतींत तर गाडीच्या नमुन्याला आधी मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता घ्यावी लागते, आणि वेगवेगळ्या गाड्यांची क्षमता जवळपास समान राहावी म्हणून काहींवर जादा वजन किंवा इंजिनशक्तीची मर्यादा घातली जाते.

चाचणीसाठी शर्यतीचे कायमस्वरूपी मार्ग चेन्नई आणि कोइम्बतूरजवळ आहेत, म्हणजे पालघरच्या उद्योजकाला गाडी ट्रकवर लादून दूर न्यावी लागेल. म्हणून या क्षेत्रात उतरणाऱ्याने गाडी बांधण्याइतकीच तरतूद चाचण्या आणि मान्यतेसाठी बाजूला ठेवावी, आणि थेट जीटी-३ कडे न वळता आधी देशांतर्गत शर्यतीच्या एखाद्या लहान वर्गात आपला सांगाडा कसाला लावावा.