बेंजो पार्टी : एका वाद्यवृंदाची नोंद

वाद्यवृंद म्हटला की सभागृह, पडदा आणि तिकीट डोळ्यांपुढे येते. येथे ज्या वाद्यवृंदाविषयी सांगावयाचे आहे, त्याला यांपैकी काहीच लागत नाही. तो रस्त्यावर वाजतो. मुंबईच्या लालबाग-परळात आणि कोकणात त्याला बेंजो पार्टी म्हणतात; आपल्या पूर्व विदर्भात वरातीपुढे वाजणारे धुमाल त्याच्याच नात्यातले.

नावावरून घोटाळा होऊ नये. अमेरिकेतील बेंजो निराळा. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. 1912 साली जपानातील नागोया शहरी गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो हे वाद्य तयार केले, त्याचा हा भारतीय अवतार. पेटीवर तारा ताणलेल्या असतात. एका हाताने टंकलेखन यंत्रासारखी बटणे दाबावयाची, दुसऱ्याने तारा छेडावयाच्या. स्वरलिपी न शिकलेल्या माणसालाही कानावर पडलेली चाल त्यावर काढता येते. कष्टकरी वस्तीला हे वाद्य आपलेसे वाटावे, यात नवल नाही.

पुढे विजेने त्याचे रूप पालटले. तारांचा नाद भोंग्यातून मोठा झाला, म्हणून ताशाच्या कडकडाटातही तो ऐकू येऊ लागला. सोबतीला विजेची पेटी आली, जिला लोक सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात. 1985 साली जपानच्याच रोलंड कंपनीने ऑक्टोपॅड काढले : आठ चौकोन, काठी मारावी तसा प्रत्येकातून वेगळा आवाज. यंत्रे आली, पण वादन माणसाचेच राहिले. मिरवणूक अडली की चाल लांबवावयाची, नाचणारे थकले की लय उतरवावयाची, एका गाण्यातून दुसऱ्यात शिरावयाचे. आणि हे सारे जागच्या जागी, एकमेकांच्या खुणेवर.

अमेरिकेत अशा रीतीने चाल फुलवीत नेणाऱ्या वृंदांना जॅम बँड म्हणतात. कॅलिफोर्नियात 1965 साली निघालेला ‘ग्रेटफुल डेड’ त्यांतला अग्रणी. 1995 साली फिलाडेल्फियात निघालेल्या ‘डिस्को बिस्किट्स’ने त्या पद्धतीला विजेच्या नृत्यसंगीताची जोड दिली. ‘डेड’ने 1984 पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी निराळी जागा राखली, आणि 2008 साली आपले दप्तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेस देऊ केले. त्यांची कीर्ती वादनाने झाली हे खरे. पण ती टिकली नोंदीने.

आपल्याकडे 2016 साली रवी जाधव यांनी ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा या वादकांकडे थोडे लक्ष गेले. पण मंडळाच्या हिशेबवहीत त्यांची ओळ एकच : ‘वाजंत्री’, आणि पुढे एकूण रक्कम. वाजविणारे कोण, किती तास वाजविले, प्रत्येकाच्या हाती काय पडले, हे त्या ओळीत दिसत नाही.

ही केवळ मानापमानाची गोष्ट नव्हे. 2020 साली साथीमुळे मिरवणुका बंद राहिल्या आणि हंगामावर जगणाऱ्या वादकाचा हंगामच बुडाला. एप्रिल 2021 मध्ये राज्य शासनाने नोंदणीकृत बांधकाम कामगारांना आणि परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी 1500 रुपयांचे साहाय्य जाहीर केले. ते मिळाले योग्यच झाले. परंतु ज्याचे नाव कोणत्याच यादीत नाही, त्याने हात कोणापुढे पसरावयाचा?

तेव्हा पुढल्या उत्सवात मंडळांनी एवढेच करावे. वाजंत्रीच्या रकमेखाली प्रत्येक वादकाचे नाव, वाद्य, दिवस आणि मजुरी लिहावी व खाली त्याची सही घ्यावी. कलेचा इतिहास आणि मजुराचा हक्क, दोन्ही त्या एका पानावर मावतील.