तुंबलेला नळ आणि संगणकाची रीत



समजा, विहिरीपासून उसापर्यंत जमिनीखालून ६४ नळ जोडून घातले आहेत. एके दिवशी मोटार चालू, पण उसात पाण्याचा थेंब नाही. एक नळ तुंबलाय. ऊस सुकतो आहे. आता उकरायचं कुठं?

एका टोकाकडून उकरीत निघालात, तर कदाचित साठएक खड्डे होतील. त्यापेक्षा पहिला खड्डा बरोबर मध्ये, बत्तिसाव्या नळाच्या पुढच्या जोडावर घ्या. जोड उघडून पाहा. पाणी आलं? मग विहिरीकडचे ३२ नळ निर्दोष. नाही आलं? मग दोष त्यांच्यातच. एका खड्ड्यात निम्मा शोध संपला! उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करा. ३२, १६, ८, ४, २, १. सहा खड्ड्यांत तुंबलेला नळ सापडतो. नळ १२८ असते, तरी खड्डा एकच वाढला असता!

अकारविल्हे लावलेल्या यादीतले नाव संगणक याच रीतीने शोधू शकतो. यादी क्रमवार नसेल, तर मात्र ही रीत फसते. एकेक नाव वाचत जाण्यावाचून गत्यंतर नाही.

या विचाराला संगणकीय विचार म्हणतात. लिहिण्यावाचण्याप्रमाणे तो सर्वांनाच यावा, असे जेनेट विंग या अमेरिकेतील विदुषींनी २००६ साली लिहिले. त्याला यंत्र लागतेच असे नाही. गुरुजी, उद्या वर्गात १ ते ६४ मधला एक आकडा मनात धरा. मुलांनी ‘हो-नाही’चे सहा प्रश्न विचारून तो ओळखायचा. सातवा लागला, तर कुठे चुकले, तेही त्यांनाच शोधू द्या.