शेळ्या-मेंढ्यांचं जंताचं औषध: बुचाने नको, वजनाने पाजा



पाऊस लागून महिना होत आला, रानात गवत वर आलं, आणि गेल्या आठवड्यापासून कार्यालयात एकच तक्रार येतेय: "जंताचं औषध पाजलं, तरी शेळी सुधरत नाही." विचारपूस केली तर बहुतेक ठिकाणी औषध मुदतीतलंच होतं. गडबड डोसात होती. बाटलीचं बूच भरायचं आणि करडापासून बोकडापर्यंत सगळ्यांना एकेक बूच. म्हणून आजचा सल्ला जरा लांबला आहे, पण सवडीने पूर्ण वाचा.

*कोणता जंत?*
पावसाळ्यात सगळ्यात जास्त नुकसान करतो तो रक्त पिणारा गोल जंत, हिमोंकस. शेळी-मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो, लांबीला इंचभर. एक मादी दिवसाला पाच हजार किंवा त्याहून जास्त अंडी घालते. अंडी लेंड्यांतून रानात पडतात. ओल आणि ऊब मिळाली की आठवड्याभरात त्यातल्या अळ्या तयार होऊन ओल्या गवतावर चढतात आणि चरताना परत पोटात जातात. म्हणून दव असताना, अगदी बुडख्यापर्यंत खाल्लेल्या गवतावर कळप सोडू नका. ऊन पडू द्या. शेळीला झाडपाला मिळत असेल तर उत्तमच, तिथवर अळ्या चढत नाहीत.

हा जंत फसवा आहे. हगवण लागेलच असं नाही. लेंडी घट्ट, खाणं चालू, आणि आतून रक्त कमी होत जातं. जबड्याखाली मऊ पाणी साठलं की समजा, उशीर झालाय.

*कमी डोस म्हणजे जंतांची तालीम*
अर्धवट डोसात नाजूक जंत मरतात, दणकट उरतात आणि पुढची पिलावळ त्यांचीच होते. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला कशी सरावली ते आपण शेतात पाहिलंय. इथेही तेच. एकदा कळपातल्या जंतांना औषध पचायला लागलं की मग बाटली कितीही महाग आणा, उपयोग नाही. आणि जंताच्या औषधांचे गट मोजकेच आहेत.

ॲल्बेंडाझोलचा हिशेब बघा. बाटलीवर 2.5 टक्के लिहिलं असेल तर 1 मिलीत 25 मिलिग्रॅम औषध असतं. मेंढीला किलोमागे साधारण 7.5 मिलिग्रॅम आणि शेळीला 10 मिलिग्रॅम लागतं, कारण शेळीच्या अंगातून हे औषध लवकर निघून जातं. म्हणजे 30 किलोच्या मेंढीला 9 मिली, 30 किलोच्या शेळीला 12 मिली. तुमचं बूच किती मिलीचं आहे ते सिरिंजने एकदा मोजाच. बाटलीवरची टक्केवारी वेगळी असेल तर हा हिशेबही बदलतो.

पण "शेळीला जास्त" हा नियम सगळ्या औषधांना लावू नका. लेव्हामिसॉल जास्त झालं तर विषबाधा होते. क्लोसँटेल जास्त झालं तर जनावर आंधळं होऊ शकतं. ही दोन्ही डॉक्टरांना विचारूनच द्या. गाभण शेळी-मेंढीला पहिल्या महिन्यात ॲल्बेंडाझोल देऊ नका, पोटातल्या पिलाला धोका असतो.

वजनासाठी ताणकाटा आणि झोळी सगळ्यात बरी. नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. घेर 28 आणि लांबी 26 असेल तर वजन साधारण 31 किलो. पाजताना तोंड आभाळाकडे करू नका, औषध फुप्फुसात जातं. मान सरळ ठेवा आणि गालाच्या बाजूने जिभेच्या मागे हळूहळू सोडा.

*नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही*
"मागच्या वेळी ॲल्बेंडाझोल दिलं, यंदा फेनबेंडाझोल देतो" असं बरेच जण सांगतात. दोन्ही एकाच गटातली आहेत. पहिल्याला सरावलेला जंत दुसऱ्यालाही दाद देत नाही. आयव्हरमेक्टिनचा गट वेगळा, लेव्हामिसॉलचा वेगळा. दुकानात नवीन नावाची बाटली दाखवली तर आतलं औषध कोणतं ते वाचा. बारीक अक्षरात असतं, पण असतं.

*पापणी बघा*
पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा सगळ्या कळपाला औषध, ही पद्धत मोडा असं आम्ही म्हणत नाही. पण मधल्या महिन्यांत दर तीन आठवड्यांनी सरसकट पाजणं थांबवा. खालची पापणी उजेडात उघडून बघा. लालबुंद असेल तर औषधाची गरज नाही. फिकट गुलाबी असेल तर करडं, कोकरं आणि नुकत्या व्यालेल्या माद्यांना द्या. पांढरीफटक असेल तर त्याच दिवशी औषध आणि डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढपाळांसाठी याचा पाच रंगांचा तक्ता बनवला गेला, तो आता जगभर वापरतात. न पाजलेल्या धडधाकट जनावरांत जे थोडे जंत राहतात ते औषधाला न सरावलेले असतात, आणि तेच पुढे आपल्या कामाला येतात.

पापणी फक्त रक्त पिणाऱ्या जंताचं सांगते. करडाच्या लेंडीत तांदळासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी. करडांना रक्ताची हगवण असेल तर बहुधा कॉक्सिडिया, त्यावर जंताचं औषध चालत नाही.

*औषध लागू पडलं का?*
पाजायच्या दिवशी आणि नंतर 10 ते 14 दिवसांनी लेंड्या तपासून घ्या. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली असतील तर ते औषध तुमच्या कळपात थकलं आहे. जमिनीवरच्या नकोत, थेट गुदद्वारातून काढलेल्या ताज्या लेंड्या लागतात. आठ-दहा जनावरांच्या वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, पिशवीवर बिल्ला क्रमांक लिहा आणि थंड ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. स्वतः जाणं जमत नसेल तर सकाळी 9 च्या आत संकलन केंद्रावर आणून द्या, दुधाच्या गाडीबरोबर पाठवू.

औषध दिलेल्या जनावराचं दूध आणि मांस किती दिवस वापरायचं नाही ते बाटलीवर लिहिलेलं असतं. बोकड बाजाराला काढायचा असेल तर ते दिवस आधी मोजा.